बर्फवाल्याचं घड्याळ

होंग शुइ-मूच्या अंगठ्यावर आमच्या गावातली वेळ चालायची. शर्यतीच्या दिवशी सकाळी सगळे कबुतरवाले आपापल्या ढाबळीतली घड्याळं फडक्यात गुंडाळून देवळाशेजारच्या क्लबात आणायचे, लांब टेबलावर ओळीनं मांडायचे, आणि क्लबाचा अध्यक्ष म्हणून शुइ-मू स्वतःच्या मनगटाकडे बघत एकेकाचं बटण दाबत जायचा. तोंडानं "हं" म्हणायचा आणि दाबायचा. कुणाचं "हं"च्या आधी दाबलं, कुणाचं नंतर, ते देवाला ठाऊक. स्वतःचं घड्याळ तो सगळ्यांत शेवटी लावायचा आणि नेमका तेव्हाच त्याला खोकला यायचा.

हा माणूस मला आवडत नाही हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की मी पक्षपाती आहे. आहेच.

सेकंदासाठी एवढी मारामारी कशाला, असं कबुतरं न पाळणारे लोक विचारतात. आमचे पक्षी जहाजातून भर समुद्रात नेऊन सोडतात. तिथून प्रत्येकाच्या ढाबळीपर्यंतचं अंतर मोजून ठेवलेलं असतं. पक्षी घरच्या फळीवर उतरला की त्याच्या पायातलं कडं घड्याळाला कळतं आणि वेळ नोंदली जाते. अंतराला वेळेनं भागायचं. ज्याचा वेग जास्त त्याचं नाव देवळाच्या मंडपातल्या लाल पाटीवर चढतं. आता घड्याळ जरासं मागे असलं, तर पक्षी जरासा लवकर आला असं दिसतं. त्या 'जराशा'वर आमच्याकडे ठरलेली लग्नं मोडली आहेत.

त्याच 'जराशा'पायी माझ्या बापाला गाव बर्फवाला म्हणतं. मी शाळेत होते तेव्हाची गोष्ट. घड्याळं चावीची होती, पितळी, विटेसारखी जड. शेवटच्या फेरीत बापाचा नर शुइ-मूच्या नरापेक्षा किंचित आधी आला. दुसऱ्या दिवशी शुइ-मूनं भर सभेत उभं राहून सांगितलं की पान थियेन-सूनं घड्याळ मासळीच्या बर्फात ठेवलं होतं. गारठ्यानं चावीचं घड्याळ मंदावतं. पुरावा काय, तर घड्याळाची पेटी ओली होती. बाप एवढंच म्हणाला, "मी ठेवलं नाही," आणि खाली बसला. गप्प बसणाऱ्याची बाजू गाव कधी घेत नाही. पाटीवर नुकतं रंगवलेलं त्याचं नाव खरवडून काढलं, आणि मी शाळेत बर्फवाल्याची पोर झाले.

पेटी ओली होती हे मात्र खरं. मीही पाहिली होती. त्याबद्दल मी कुणाशी बोलले नाही, आणि त्याला कधी विचारलंही नाही.

आई गेल्यावर मी उत्तरेतली नोकरी सोडून घरी आले. तिथे मोबाईलच्या मनोऱ्यांची घड्याळं एकमेकांशी जुळवून ठेवायचं माझं काम होतं. बापाला माझं येणं रुचलं नाही. हातची नोकरी सोडून, नवऱ्याशिवाय, दोन बॅगा घेऊन मी दारात उभी राहिले, तेव्हा त्याच्या हातात एक राखी मादी होती. तो तिलाच म्हणाला, "बघ गं, मोठी माणसं आली. आता आपल्याला उडायला शिकवतील." तेव्हापासून आमचं बोलणं त्या मादीमार्फतच. काहीजणांना भात फार मऊ आवडतो, काहीजण दिवे मालवत नाहीत, काहीजणांना म्हाताऱ्याच्या औषधांत नाक खुपसायची सवय असते, हे सगळं तिला सांगितलं जायचं आणि मी जिन्यात उभी राहून ऐकायचे. मीही कमी नव्हते. मी मादीला सांगायचे की काहीजणांना रक्तातली साखर सुधरू देत नाही.

शुइ-मूच्या अंगठ्याचा बंदोबस्त करायचं मी हंगाम सुरू व्हायच्या आधीच ठरवलं. पत्त्यांच्या कॅटाएवढा, एकाच सर्किट-पाटीवर मावणारा संगणक घेतला आणि त्याच्या पाठीवर उपग्रहांचं ऐकणारा रिसीव्हर डकवला. वर फिरणाऱ्या त्या उपग्रहांत कधी न चुकणारी घड्याळं असतात. रिसीव्हर त्यांचं ऐकून दर सेकंदाला एक ठोका देतो आणि संगणक आपलं घड्याळ त्या ठोक्याला बांधून घेतो. तिथून एक वायर क्लबाच्या टेबलापर्यंत. त्या वायरला ढाबळीचं घड्याळ जोडलं की झालं. मनगट नाही, अंगठा नाही, खोकला नाही.

सांगायला सोपं आहे. आधी मी अँटेना देवळाच्या बाजूला लावली, तर देवळाच्या माथ्यावरच्या ड्रॅगननी अर्धं आकाश अडवलेलं. ती उचलून क्लबाच्या पत्र्यावर, मोकळ्या टोकाला नेली. संगणक पत्र्याखाली ठेवला, तर दुपारच्या उन्हात तापून त्याची चाल बिघडायला लागली. म्हणून तो खाली जिन्याच्या गारव्यात आणला आणि वर फक्त अँटेना ठेवली, पालथ्या वाटीएवढी. मग ढाबळीची घड्याळं त्याचं ऐकेनात. ती वेगळ्या कंपनीची, वेगळ्या भाषेची; त्यांच्यासाठी मधला दुभाषा लिहून काढण्यात माझे डोळे गेले. बाप मादीला म्हणाला, "काहीजण खेळण्याशी खेळतात या वयात."

एक गोष्ट मी मुद्दाम केली. उपग्रह दिसेनासे झाले तर यंत्रानं अंदाजानं वेळ सांगायची नाही. दिवा हिरव्याचा तांबडा होईल आणि यंत्र गप्प बसेल. माहीत नसेल तर तोंड बंद ठेवायचं, हे माणसांना शिकवता येत नाही, यंत्राला येतं.

सभेत शुइ-मूनं चहाची कपबशी माझ्याकडे सरकवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं की ढग आले तर आकाशातलं घड्याळ कसं वाचणार. ढगांतून ऐकू येतं, म्हटलं. मग तो म्हणाला, "वेळ तर फोनवरही दिसते की, आमान. त्यासाठी एवढा खटाटोप?"

"दिसते, शुइमू-चेक," मी म्हटलं. बापाच्या धाकट्या भावाला लावायचं 'चेक' मी लहानपणापासून त्याच्या नावाला लावत आले आहे, नाइलाजानं. "पण दाबायला अंगठाच लागतो. तुमचा."

लोक हसले. शुइ-मूही हसला, पण त्याच्या नाकाला मिरच्या झोंबलेल्या दिसत होत्या. यंत्र वापरायचा ठराव झाला. त्यानं एक अट घातली: शर्यतीच्या सकाळी दिवा तांबडा असला तर जुनी पद्धत, त्याचं मनगट. दुसरी अट मी घातली. संगणकाच्या पेटीला कुलूप राहील आणि किल्ली देवळाच्या लाय-पेहकडे. लाय-पेह, म्हणजे लाय-काका, देवळाची झाडलोट करणारा ऐंशीचा म्हातारा, त्याला ना कबुतरं, ना मुलंबाळं. "क्लबातल्या कुणाचाही हात लागणार नाही," मी म्हटलं, "आणि आमच्या घरातल्या कुणाचा तर नाहीच." बाप मागच्या बाकावर सुपारी चघळत बसला होता. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि थुंकायला बाहेर गेला.

पेटीला कुलूप लावताना लाय-पेहनं विचारलं, "पुडा कुठंय?"

पुडा म्हणजे खोबऱ्याच्या चवीच्या कुरकुऱ्यांचा हिरवा पुडा. आमच्या बेटावर तो यंत्रावर ठेवतात, यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून. बँकेच्या यंत्रावर असतो, इस्पितळातल्या यंत्रावर असतो, मी जिथे नोकरी करत होते तिथे तर प्रत्येक कपाटावर होता. हिरवाच पाहिजे, पिवळा ठेवला तर यंत्र रुसतं. फोडलेला चालत नाही, तारीख उलटलेला चालत नाही. शिकलेसवरलेले इंजिनिअर दर महिन्याला पुड्यांच्या तारखा तपासत फिरताना मी पाहिले आहेत.

"हे यंत्र आकाशाचं ऐकतं, पेह," मी म्हटलं. "कुरकुऱ्यांचं नाही."

लाय-पेहनं जीभ चावली. बाकीच्यांनीही मान हलवली, आणि त्यांत माझा बाप होता.

सहा फेऱ्या दिवा हिरवा राहिला. प्रत्येक फेरीत समुद्रानं पक्षी गिळले; शेवटच्या फेरीला अख्ख्या गावात मोजकीच कबुतरं उरली, आणि त्यांत पुढे होते ते दोनच पक्षी, शुइ-मूचा पांढऱ्या पंखांचा नर आणि आमची राखी मादी. मादी जिंकली तर खरवडलेलं नाव पुन्हा त्याच पाटीवर चढणार होतं, आणि या वेळी घड्याळाला कुणाचा हात लागला असं कुणालाही म्हणता येणार नव्हतं. मला तेवढंच हवं होतं. शुइ-मूलाही ते कळत होतं. सुपारीच्या टपरीवर तो म्हणत सुटला, "बर्फवाल्याची पोर घड्याळ सांभाळते. आता बर्फ आकाशातून पडणार."

शेवटच्या फेरीच्या सकाळी मी क्लबात पोचले तेव्हा पक्षी जहाजावर पोचलेले होते, टेबलावर घड्याळं मांडलेली होती, आणि सगळे माझी वाट पाहत उभे होते. जिन्यातल्या पेटीवरचा दिवा तांबडा होता.

"मुकं झालंय," शुइ-मू म्हणाला आणि बाही वर सारली. मनगट दाखवायची त्याला एवढी घाई होती की बाहीचं बटण तुटून टेबलाखाली गेलं.

मी वायरी तपासल्या. लाय-पेहला बोलावून कुलूप उघडलं. संगणक ठीक, रिसीव्हर ठीक. त्याला फक्त काही ऐकू येत नव्हतं. इकडे शुइ-मूचं "हं, हं" सुरू झालं होतं. मागून कुणीतरी म्हणालं की शिकलेल्या बायकांची यंत्रं अशीच, माहेरी आली की बोलत नाहीत. मी वळून पाहिलं नाही. शिडी घेतली आणि पत्र्यावर चढले.

अँटेनाच्या डोक्यावर हिरवा पुडा होता. वाऱ्यानं उडू नये म्हणून तान्ह्या पोराच्या टोपऱ्यासारखा चारी बाजूंनी खाली ओढून सुतळीनं आवळलेला. कुरकुरे मऊ पडू नयेत म्हणून असल्या पुड्यांना आतून चंदेरी अस्तर असतं, आणि उपग्रहांचा आवाज इतका क्षीण की तेवढं अस्तर त्याला अडवायला पुरतं. माझ्या यंत्राच्या कानांवर कुणीतरी उशी दाबून धरली होती.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. कुणी, हा प्रश्न मला पडलाच नाही. मी पुडा उपटला, शिडी उतरले आणि तो टेबलावर शुइ-मूच्या अंगठ्यासमोर आपटला.

"शुइमू-चेक, हे तुमचं विसरलात वर."

तो खरोखरच गोंधळला. हे मी त्याचा चेहरा पाहून लगेच ओळखायला हवं होतं, पण राग आंधळा असतो आणि मला डोळे नकोच होते. मी सगळ्यांना सांगितलं, चंदेरी अस्तर काय करतं, दिवा तांबडा का झाला, आणि तांबडा दिवा झाल्यावर कुणाचा फायदा होतो. लोक शुइ-मूकडे बघायला लागले. जे कालपर्यंत त्याच्या टेबलावरचा चहा पीत होते तेच पहिल्यांदा बोलले. एकजण म्हणाला, तरीच. दुसऱ्यानं त्याला त्या खोकल्याबद्दल विचारलं. शुइ-मू नुसता "मी कशाला, मी कशाला" म्हणत राहिला, आणि वीस वर्षांपूर्वी माझा बाप कसा दिसला असेल ते मला दिसलं. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

सगळ्यांना नीट दाखवावा म्हणून मी पुडा उचलला, आणि सुतळीची गाठ माझ्या बोटांखाली आली.

आमच्या गावात कबुतरांच्या टोपल्या सगळे एकाच पद्धतीनं बांधतात, शेपूट उजवीकडे. या गाठीचं शेपूट डावीकडे होतं. डावखुरा माणूस गावात एकच आहे. मी त्या गाठीच्या टोपल्या सोडत लहानाची मोठी झाले.

मी पुडा उलटा केला आणि गाठ तळहातात दाबून धरली. त्याची मला लाज वाटत नाही. शुइ-मूनं एक खोटा आळ घेतला होता, त्याला एक खोटा आळ परत मिळत होता, फिटंफाट. मी मागच्या बाकावर बसलेल्या बापाकडे पाहिलं. वीस वर्षं गप्प बसलात आ-पा, मनात म्हटलं, आता आणखी एक सकाळ बसा.

बाप उठून उभा राहिला. तोंडातली सुपारी त्यानं हातात काढून घेतली.

"पुडा मी ठेवला," तो म्हणाला. "काल दुपारी. पेटीला कुलूप होतं, म्हणून वर ठेवला."

पहिल्यांदा तोंड उघडलं ते शुइ-मूनंच. त्याचा रंग परत आला होता. "पुन्हा पान," तो म्हणाला, "आणि पुन्हा घड्याळ. बर्फ संपला, आता कुरकुरे." लोक हसले. मघाशी त्याच्यावर उलटलेलेच सगळ्यांत मोठ्यानं हसले.

मी मधे पडले. म्हटलं, हिरवा पुडा वाईट हेतूनं कुणी ठेवतं का, तुम्ही सगळेच मला ठेव ठेव म्हणत होता, आणि दिवा तांबडा झाला तर नुकसान कुणाचं, आमचंच ना.

"हेतू मोजायचंही यंत्र आणलंयस का, आमान?" शुइ-मूनं विचारलं. "नसेल तर बस. क्लबाच्या घड्याळाला हात लावला, नियम मोडला. पानची मादी बाद करायची का, हात वर करा."

"हात वर करायची गरज नाही," बाप म्हणाला. "मादी मी काढून घेतो. पण तो दिवा बघा आता."

सगळे जिन्याकडे वळले. दिवा हिरवा झाला होता.

"मी बाद," बाप म्हणाला. "मग माझ्यासाठी कुणी घड्याळ फिरवलं असं म्हणता येणार नाही. तर घड्याळं या पोरीच्या यंत्रावर लावा. सगळ्यांची. तुझंही, शुइमू. अंगठा खिशात ठेव."

शुइ-मूनं क्षणभर हिशेब केला. पुढे असलेले पक्षी दोन, त्यातला एक आपणहून जात होता; मग वेळ कुणी का सांगेना. तो इतक्या लगेच "कबूल" म्हणाला की खोकायचंही विसरला. घड्याळं एकामागून एक वायरला लागली. थोड्या वेळानं जहाजावरून फोन आला की पक्षी सोडले, आणि जो तो आकाश बघायला आपापल्या घरी गेला.

मी स्कूटरवर बापाला मागे बसवलं नाही. तो चालत आला. मी ढाबळीत जाऊन त्याची वाट बघत बसले, भांडण तोंडात तयार ठेवून.

"कशाला कबूल केलंत?" तो आत पाऊल टाकतो न टाकतो तोच मी म्हटलं. "सगळं त्याच्यावर गेलं होतं. सगळं. तुम्ही नुसतं बसून राहिला असतात तर तुमचं नाव चढलं असतं पाटीवर."

तो उलट्या खोक्यावर बसला. सवयीनं त्यानं मादीच्या कप्प्याकडे पाहिलं. तो रिकामा होता. मधे बोलायला कुणी नव्हतं, त्यामुळे त्याला माझ्याशीच बोलावं लागलं.

"त्यानं नव्हता ठेवला," तो म्हणाला.

"त्यानं तुमच्यावर आळ घेतला तेव्हा हा विचार केला होता?"

"त्यानं नाही केला. म्हणून मीही करायचा नाही?" तो गुडघा चोळत राहिला. मग म्हणाला, "आणि यंत्र तू शुइमूसाठी केलंस असं लोकांना सांगतेस. ते तू माझ्यासाठी केलंस. माझा हात लागू नये म्हणून. कुलूप कुणासाठी होतं ते मला कळत नाही होय? भरल्या सभेत म्हणालीस, आमच्या घरातल्या कुणाचा तर नाहीच."

मी रागानं विचारलं, "मग तरी पुडा ठेवलात?"

"तू ठेवला नव्हतास," तो म्हणाला. "यंत्र बिघडलं असतं तर गाव तुला हसलं असतं. दुकानात सगळ्यांत लांबची तारीख बघून घेतला."

दुपार चढली. समुद्राकडची बाजू आधी पांढरट, मग मळकट झाली. वारा फिरला होता. मत्स्यतळ्यांतलं पाणी घुसळणारे पंखे उलटीकडून ऐकू यायला लागले. फोन वाजत होते, पण सगळ्यांचा प्रश्न एकच, तुमच्याकडे काही आलं का. कुणाकडेच काही आलं नव्हतं. मी मिल्कफिश मासा घातलेली भाताची पेज गरम करून त्याच्यासमोर ठेवली. त्यानं ती मुकाट्यानं खाल्ली, फार मऊ झाली असूनही.

मग ती आली. वळसा नाही, घिरटी नाही, माडांच्या वरून सरळ रेषेत, एक पंख जरासा खाली धरून. फळीवर पाय टेकला आणि घड्याळ वाजलं. सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत अचूक वेळ त्यात नोंदली गेली, जी कुणी विचारणार नव्हतं.

बापानं तिला उचललं, पंख उलगडून पाहिला, मिठाचं पाणी पाजलं. इतक्यात शुइ-मूचा फोन आला. आवाज खाली आलेला होता. "आमान, तुमच्याकडे आलं का काही? माझा अजून नाही."

"आली," मी म्हटलं.

"ती स्पर्धेत नाही," तो म्हणाला आणि फोन ठेवला. त्याचा नर त्या दिवशी आला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. गावात दुसरं एकही कबूतर परतलं नाही. त्या हिवाळ्यात लाल पाटीवर कुणाचंच नाव चढलं नाही. एकच पक्षी घरी आला होता, आणि तो पहिला आला हे सांगायला घड्याळ लागणार नव्हतं, ना आकाशातलं, ना मनगटावरचं. माझं यंत्र नसतं तरी तो जिंकला असता. माझं यंत्र नसतं तरच जिंकला असता.

मी हे सगळं बापाला बोलून दाखवलं. आवाज चढवून, स्वतःला शिव्या देत, शुइ-मूला शिव्या देत, पुड्याला शिव्या देत. तो मादीच्या पायाची माती नखानं काढत होता.

"पेटी ओली होती," तो मधेच म्हणाला.

मी थांबले.

"तेव्हा. चावीच्या घड्याळाची. तू दारात उभी राहून बघत होतीस, मला माहीत होतं. तुझी आई अंगणातल्या नळावर मासे धूत होती, पेटी शेजारी होती, तिच्यावर पाणी उडालं. सभेत सांगितलं असतं तर तिला तिथं उभं केलं असतं लोकांनी, आणि शुइमूनं तिला उलटसुलट विचारलं असतं. म्हणून नाही सांगितलं. गावाला नाही सांगितलं." त्यानं वर पाहिलं. "तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं. मी वाट बघत होतो."

मी म्हटलं, "आता पटलं, आ-पा."

त्यानं मादीला कप्प्यात ठेवलं आणि तिच्यासमोर मूठभर मका टाकला.

"ही सकाळी समुद्रातून निघाली, दुपारी घरी आली," तो म्हणाला, आणि या वेळी तो मादीशी बोलत नव्हता. "तुला वीस वर्षं लागली."